ताप : नाही

१३ फेब्रुवारी

मशीन ओरडायला लागलं म्हणून सिस्टरने आत्ताच माझ्या नळ्या उलट जोडल्या. लाल तोंडाला निळी, निळ्या तोंडाला लाल. आता ते गप्प आहे. तेवढ्यात लिहून घेते, ठके.

माझे दोन्ही हात मोकळे असतात. शेजारच्या खुर्चीत चित्रकलेचे मास्तर आहेत, त्यांना हातातल्या शिरेत सुया टोचतात. तोही उजवा हात, कारण डाव्या हाताच्या शिरेने दाद दिली नाही. रक्त डायलिसिसच्या मशीनमधून फिरत असतं तोवर चार तास तो हात उशीवर परक्याचा असल्यासारखा पडून असतो. "हात दिला होता चित्रं काढायला, लागला पंपाच्या नोकरीला," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. माझ्या दोन्ही हातांच्या शिरा आधीच वाया गेल्या. म्हणून माझी नळी छातीतून आत शिरते, गळ्याच्या हाडाखालून मानेतल्या शिरेत, आणि तिथून खाली हृदयाच्या दारापर्यंत. बाहेर दोन आखूड शेपट्या लोंबतात. त्यांना टोपणं. त्या भिजू द्यायच्या नाहीत, म्हणून आंघोळ कमरेखाली. वर नुसतं पुसायचं.

हे सगळं तू माझ्याहून जास्त जाणतेस. तरी लिहिते. तू नळी कागदावर काढतेस, मी ती अंगावर घालते.

हो, मला कळलं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. दोन प्रकारच्या नळ्यांची तुलना करायची आहे म्हणाले. बऱ्याच देशांत, बऱ्याच सेंटरांत, वर्षभर. ज्यांची नळी बदलायची वेळ आली आहे त्यांना बंद पाकिटातली चिठ्ठी निघेल तशी जुनी किंवा नवी घालणार. कोणाला कोणती निघाली ते शेवटपर्यंत सांगणार नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच. फरक आत, टोकाला.

त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. मास्तरांना ते बघवेना. जुन्या नळीला टोक एकच, त्यावर तोंडं दोन. रक्त घेणारं मागे, साफ झालेलं परत सोडणारं पुढे. घेणारं तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं की मशीन ओरडतं. मग नळ्या उलट जोडतात. मशीन गप्प होतं, पण नुकतंच साफ होऊन आलेलं रक्त लगेच पुन्हा ओढलं जातं.

"म्हणजे धुतलेले कपडेच परत धुवायचे," मास्तर म्हणाले.

"आणि मळके तसेच राहतात," डॉक्टर म्हणाले. "मशीनवरचे आकडे मात्र छान दिसतात."

नव्या नळीला टोकाशी दोन फाटे, एकमेकांकडे पाठ केलेले. सरळ जोडा, उलट जोडा, एकाने सोडलेलं दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये अशी रचना.

मग त्यांनी माहितीपत्रकावरून आराखडा करणाऱ्या बाईंचं नाव वाचलं. आडनाव माझंच निघालं. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एका आडनावाची माणसं पुष्कळ असतात." नंतर मागच्या पानावरून कंपनीचा पत्ता उतरवून घेतला. घरचा पत्ता तू मावशीलाही दिलेला नाहीस. फोन तू उचलत नाहीस.

एकाच नळीची दोन टोकं, एकमेकांकडे पाठ करून. डॉक्टरांनी ते काढलं तेव्हा मला हसू आलं. तुला हे सुचायला इतकी वर्षं लागायला नको होती.

मग माझी बदलली. कोणती निघाली ते मला ठाऊक नाही. मी नवी आहे असं धरून चालले आहे.

जोडायच्या आधी आणि जोडल्यावर सिस्टर तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांचा कागद तुमच्याकडे येतो असं ऐकलं. आमची नावं जात नाहीत, नुसते नंबर जातात. जखमेतून पाणी येतं का. दुखतं का. थंडी वाजली का. ताप. मी सगळ्याला नाही म्हणते. नळ्या किती वेळा उलट जोडल्या हे त्या मला विचारत नाहीत, ते त्यांनीच केलेलं असतं.

एसी फार ठेवतात इथे. आज जोडल्यावर थोड्या वेळाने मी दुसरं पांघरूण मागून घेतलं.

उत्तराची घाई नाही.

ताई


४ मार्च

उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

ज्या दिवशी मशीन नसतं त्या दिवशी मी अजून लॅबमध्ये जाते. आताशा मालक बसून करायची कामं देतात. मेणात दात लावायचे, कवळी घासून गुळगुळीत करायची. प्लास्टरच्या गोणीला हात लावू देत नाहीत. परवा एक म्हातारे गृहस्थ दंतवैद्याला न विचारता थेट आमच्याकडे आले. कवळी रुमालात गुंडाळलेली. वैद्यांना त्यांनी सांगितलं होतं, झकास बसली. मलाही तेच सांगायला लागले. मी म्हटलं, तोंड उघडा. हिरडीवर पैशाएवढी जखम.

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी एवढी मेहनत घेतली. तोंडावर कसं सांगायचं?"

"तोंडावरच सांगायचं होतं, तोंडातलंच होतं ते," मालक आतून म्हणाले. गृहस्थ हसले आणि हसताना त्यांना दुखलं. बसवल्यापासून ते दूध आणि बिस्किटांवर होते. बनवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

हे तुला का सांगते आहे कोण जाणे.

आमच्या युनिटमध्ये सहा खुर्च्या. मास्तर सोडले तर पाचही जण नळीवाले, आणि पाचही जण तुमच्या तुलनेत. माझ्या पलीकडे बस चालवणारे एक निवृत्त ड्रायव्हर आहेत. जन्मभर माणसांना मागे सरका, पुढे सरका म्हटल्यामुळे आवाज मोठा. गेल्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि आवाज न चढवता बोलले, तेव्हाच मी सावध झाले.

"ताई, परवा तुम्ही कुडकुडत होता."

"एसी होता."

"एसी सगळ्यांनाच होता." त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "घरून निघताना एक. इथे पोचल्यावर एक. थर्मामीटर भोळा असतो. दाखवाल तेवढंच बघतो."

"आणि ताप?"

"तो कुठे जातोय. संध्याकाळी घरी भेटतो."

मग त्यांनी रीत समजावून सांगितली. ताप कागदावर लागला की डॉक्टर मोठ्या इस्पितळात पाठवतात. तिथे नळी काढतात. इकडे खुर्ची रिकामी ठेवत नाहीत, ज्यांचा नंबर पुढचा ते येऊन बसतात. बरं होऊन आलात की पुन्हा रांगेच्या शेवटी. "इथून तिकडे गेलेलं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे वाईटच झालं असं नव्हे. दुसरीकडे जागा मिळाली असेल."

"वर मिळाली असेल," मास्तर म्हणाले. ते ऐकत होते.

"मास्तर, तुम्हाला काय. तुमच्या सुया. टोचल्या, काढल्या, घरी गेलात. आमचं दार रात्रंदिवस उघडं असतं."

मास्तरांनी बाही खाली ओढून सुयांच्या खुणा झाकल्या.

तर नळीवाले सगळे गोळी घेऊन येतात. केराच्या डब्यात रिकामी पाकिटं दिसतात. सिस्टर डब्याकडे बघत नाहीत. बाई चांगली आहे. पायात गोळे आले तर हातातलं काम टाकून तळवे चोळते. मला खिडकीजवळची खुर्ची तिनेच दिली.

मी गोळी घेतली. दोन्ही वेळा. थर्मामीटरने काही पाहिलं नाही.

खुर्ची जाऊ नये म्हणून घेतली. बाकीच्यांचं जे कारण तेच माझं.

ताई


२० मार्च

ड्रायव्हर गेले.

शनिवारी ते आले नाहीत तेव्हा सिस्टरने घरी फोन लावला. मुलीने उचलला. आदल्या संध्याकाळी जिना चढताना ते मधेच एका पायरीवर बसले, म्हणाले जरा दम खातो, तू हो पुढे. ती पुढे गेली, कुलूप काढलं, दिवा लावला, पाणी घेऊन खाली आली. तेवढ्यात झालं होतं.

गुरुवारी माझ्या शेजारीच होते ते. जोडल्यावर थोड्या वेळाने दात वाजायला लागले. त्यांनी तोंडात रुमाल धरला. सिस्टर आली तेव्हा रुमाल काढून म्हणाले, "काही नाही, जुनी गाडी आहे, उभ्याउभ्या थरथरते." ती हसली. मीही हसले. तिने विचारलं, ताप? ते म्हणाले, नाही.

डॉक्टरांनी तुमच्या कागदावर काय लिहिलं ते सिस्टरने मला सांगितलं. मृत्यू घरी. नळीशी संबंध दिसत नाही. त्यांनी खोटं लिहिलं नाही. एवढे दिवस ड्रायव्हरांच्या नावापुढे ताप कधी नव्हताच. त्यांनी हृदय म्हटलं, आणि हृदयच होतं, शेवटी सगळ्यांचं तेच असतं.

तू तुझ्या टेबलाशी बसून तो नंबर बघितला असशील. एकाखाली एक, नाही, नाही, नाही, आणि मग शेवट.

मंगळवारी त्या खुर्चीत नव्या बाई आल्या. बँकेत काम करतात. मशीन चालू असताना मांडीवर कागद घेऊन सह्या करतात. त्यांनाही तुलनेतलीच नळी आहे.

आता मला थंडीबद्दल लिहायला हवं. एसी नव्हता.

ती मशीन जोडल्यावरच येते, जोडल्याशिवाय येत नाही. आधी पाठीत, मग जबडा. दात एकमेकांवर आपटायला लागतात आणि थांबवता येत नाहीत. मी दातांचं काम करणारी बाई, मला तो आवाज फार वाईट वाटतो. अर्ध्या तासाने जाते. मग अंग तापतं, पण गोळी पोटात असते, म्हणून कोणाला कळेल इतकं तापत नाही. ताप रात्री घरी चढतो. पहाटे उतरतो. सकाळी मी कपडे घालून लॅबमध्ये जाते आणि मालक म्हणतात, चेहरा आज बरा दिसतोय, गालांवर रंग आहे.

मागच्या पत्रात मी खुर्चीचं लिहिलं. ते खरं नव्हतं. खुर्चीची मला भीती आहे, पण तेवढ्यासाठी मी खोटं बोलले नसते.

तू किडनी देणार होतीस. तपासण्या जुळल्या, तारीख ठरली, आणि तू नाही म्हणालीस. जेवणाच्या टेबलावर आई म्हणाली, तुला दोन आहेत ना. तू ताट तसंच ठेवून उठलीस. मला काय वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आणि आताही सांगणार नाही. ते माझं आहे.

पण डॉक्टरांनी तुझं नाव वाचलं तेव्हा मनात आलं ते सांगते. किडनी नाही तर नळी. ठकीचं काहीतरी माझ्या आत आलंच. मग मी ठरवलं की ते वाईट निघू द्यायचं नाही. सिस्टर विचारते, ताप? मला वाटतं ती विचारते आहे, तुमच्या बहिणीने केलं ते चांगलं आहे का? मी नाही म्हणते, म्हणजे हो म्हणते.

वेडेपणा आहे. मला कळतं. पण त्या कवळीवाल्या गृहस्थांना मी हसले नव्हते, हे तुला सांगून ठेवते.

ताई


९ एप्रिल, संध्याकाळ

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते लॅबमध्ये उघडलं, कारण घरी एकटीने उघडायचं धैर्य नव्हतं. मालक पाठ करून उभे राहिले, त्यांना वाटलं कोणाची वाईट बातमी आहे.

एवढी ओळखीची अक्षरं. आणि एवढं थोडं.

"ताई, तुझी पत्रं ऑफिसात मिळाली. मी वाचली. बाकीच्या सगळ्या सेंटरांत ताप आहे. थोडा आहे, पण आहे. तुमच्याकडे एकही नाही. इथे सगळे खूश आहेत, तुमच्या सेंटरचं उदाहरण देतात. मला असा शून्य आवडत नाही. तू लिहिलंस ते मी एकटीने ठेवून घेऊ शकत नाही. वरच्यांना सांगावं लागेल, पण त्याआधी तू तिथे सांग. डॉक्टरांना. लगेच. वाट बघू नकोस. नळी चांगली निघाली नाही तर मी दुसरी काढेन. आपल्यातलं नंतर बोलू."

आणि खाली, वेगळ्या पेनाने, "अजून ताप येतो का?"

येतो.

नळीबद्दलचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. दुसरी काढेन. तुझ्यासाठी ते खरं आहे.

तुझं पत्र माझं तिसरं पत्र पोचायच्या आधीच निघालेलं दिसतं. त्यामुळे तुला ड्रायव्हरांचं माहीत नव्हतं, आणि मी कोणासाठी खोटं बोलत होते तेही. आता ते पोचलं असेल. पोचलं नसतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

शनिवारीच सांगायला हवं होतं. लगेच, असं तू लिहिलं होतंस. मी सांगितलं नाही. का नाही ते लिहिते.

उजव्या बाजूची शीर पहिल्या नळीने बंद करून टाकली. ही डावीकडून आहे. ही काढली तर पुढची कुठून, असं मी डॉक्टरांना एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. ते म्हणाले, "बघू तेव्हा." ते 'बघू' कधी म्हणतात ते मी आता ओळखते. मांडीतून घालतात, पण माझ्या मांडीच्या शिरांचा फोटो बघून त्यांनी तो परत पाकिटात ठेवला होता. तेव्हा ही नळी आजारी असली तरी माझ्याकडे हीच आहे. तिच्यातूनच जगते आणि तिच्यातूनच ताप येतो. शनिवारपासून मी एवढंच घोकत बसले होते.

मग काल मंगळवारी बँकवाल्या बाईंचे दात वाजले.

त्यांनी कागद मिटले, हात पांघरुणात घातले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एसी जरा जास्त आहे का हो?" ठके, ड्रायव्हर गेल्यानंतर रीत त्यांना मी समजावली होती. पहिलं पाकीट मी दिलं. थर्मामीटर भोळा असतो, हेही मीच सांगितलं, ड्रायव्हरांच्याच शब्दांत.

मशीन सुटल्यावर मी सगळ्यांना बाहेरच्या बाकांवर थांबवलं.

"परवा कोणी गोळी घेऊन यायचं नाही," मी म्हटलं.

"का म्हणून?" बँकवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर दिलीत मला."

"मी दिली म्हणून मीच सांगते."

"आणि खुर्ची गेली तर? मी या खुर्चीसाठी आठ महिने थांबले."

"खुर्ची कुठे जात नाही, बाई," मास्तर म्हणाले. "बसणारा जातो. तुमच्याच खुर्चीला विचारा."

त्या एकदम खाली बसल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ती कोणाची खुर्ची. मास्तरांनाही मग ओशाळल्यासारखं झालं.

दाराजवळच्या खुर्चीतले दुकानदार म्हणाले, "माझा प्रश्न येत नाही. मला ताप येतच नाही."

"मग गोळी कशाला घेता?" मी विचारलं.

"येऊ नये म्हणून."

"अहो, मग येतो की नाही हे तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी खिशातलं पाकीट काढून उलटसुलट करून बघितलं. सहाव्या खुर्चीतल्या आजी, ज्यांना फारसं ऐकू येत नाही, त्यांनी दुकानदारांना विचारलं काय चाललंय. दुकानदारांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "परवा गोळी नाही." आजी म्हणाल्या, "बरं झालं. कडू लागते."

म्हणजे उद्या. उद्या सकाळी आम्ही पाचही जण रिकाम्या खिशाने जाणार आहोत. निदान मी जाणार आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहायला मला तापाहून जड जातं.

सिस्टर जोडायला निघते तेव्हा दारापासून खिडकीपर्यंत हातमोजे एकच. बदलायचे असतात हे तिला ठाऊक आहे, डबा कोपऱ्यातच आहे. पण ती एकटी असते, आणि आम्ही सगळे एकदम आत शिरतो. लवकर जोडलं तर लवकर सुटतं. "सिस्टर, आधी मला" असं आम्हीच म्हणतो. मीही म्हटलं आहे. मग ती भराभर जाते. एकाचं टोपण काढलं, नळी जोडली, पुढची खुर्ची. दुकानदार, आजी, ड्रायव्हर, मग मी. हात इतके हलके की बघत राहावं. लॅबमध्ये एका माणसाच्या तोंडाचा साचा हाताळल्यावर मी हात धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या साच्याला शिवत नाही. इथे बघितलं आणि गप्प बसले. आपल्या माणसाचं काही दिसलं की मी गप्प बसते, हे तुला नवं नाही.

तेव्हा तुझ्या टोकाचा दोष असेल किंवा नसेल. जुन्या टोकाचाही असेल किंवा नसेल. आमच्या युनिटमध्ये तुम्ही दोन टोकांची तुलना करत होता, आणि काहीतरी बाहेरच्या बाजूने आत येत होतं, दोन्हींतून, सारखंच. आम्ही ते गोळीने झाकलं. आमच्यावरून तू काही ठरवू नकोस. आमचा शून्य पुसून टाक.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी मी सिस्टरला वाचून दाखवणार आहे. तिच्या पाठीमागे लिहिलेलं मला राहू द्यायचं नाही. तिने तळवे चोळले आहेत माझे.

आत्ता ताप आहे. गोळ्यांचं पाकीट टेबलावर आहे, मी ते हातात घेतलं नाही. भिंतीवरचा दिवा मोठा होतो, लहान होतो. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

माझी कोणती नळी ते तू विचारलं नाहीस. विचारू नकोस.

ताई


१० एप्रिल

हे मी लिहिते आहे, युनिटमधली सिस्टर. ताईंना पेन धरवत नाही म्हणून त्यांनी मला लिहायला सांगितलं. वरचं पत्र त्यांनी सकाळी मला वाचून दाखवलं, सगळं.

आज कोणीही गोळी घेऊन आलं नव्हतं. पाच नळीवाल्यांपैकी चौघांना ताप निघाला, पाचव्या पेशंटला नाही. ताईंना आणि आजींना जोडायच्या आधीच होता, दुकानदारांना आणि बँकेतल्या बाईंना जोडल्यावर चढला. डॉक्टरांनी सगळी मशीनं थांबवली, सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं आणि चिठ्ठ्यांची पाकिटं उघडली. चौघांपैकी दोघांच्या नळ्या जुन्या आहेत, दोघांच्या नव्या. ताईंची कोणती ते मी पाहिलं आहे. लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

हातमोज्यांचं मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं. युनिट बंद केलं आहे.

अकरा वाजता ताईंची नळी काढली. त्या शुद्धीवर आहेत. दुसरी कुठून घालायची ते अजून ठरलेलं नाही.